हेडरमधून गळालेलं अक्षर

हिंदी भागातल्या आमच्या शहरात, सांवेर रोडवर पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सहा वर्षं नोकरी केली. माझं टेबल मेंटेनन्सच्या खोलीत होतं आणि माझं काम म्हणजे याद्या करणं. कुठल्या मशीनला कधी ऑइल द्यायचं, कुठला बेल्ट कधी बदलायचा, आज कुठली लाइन बंद राहणार, हे सगळं मी कॉम्प्युटरवर शीटमध्ये मांडायचे आणि छापून द्यायचे. छापलेले कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्या त्या लाइनच्या पॅनलवर लटकवत. पॅनलवर कागद असेल तर ती लाइन कुणी चालू करायची नाही, एवढा साधा हिशेब होता. खरं म्हणजे स्विचला कुलूप लावायचा नियम होता. कुलपं आणलेलीही होती, पण त्यांच्या किल्ल्या हरवल्या आणि नवीन कुणी मागवल्या नाहीत. मीही आठवण केली नाही.

आमचे फोरमन महूहून रोज बसने यायचे. त्यांचे वडील फौजेत होते. हे मात्र तरुणपणापासून मशीनवरच. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात आईशी फोनवर मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "अरे, तू आपल्यातली निघालीस की. मी पंधरा दिवस हिंदी झाडतोय तुझ्याशी." पंधरा नाही, चारच दिवस झाले होते, पण त्यांना असं वाढवून सांगायची सवय होती. तेव्हापासून मी त्यांना काका म्हणू लागले. दुपारचा डबा आम्ही बरोबर खायचो. माझ्या भाजीत मीठ कमी असतं, हे त्यांनी त्या वर्षांत किमान शंभरदा सांगितलं असेल.

त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. चष्मा होता, पण मशीनजवळच्या वाफेत काचा पांढऱ्या व्हायच्या, म्हणून तो खिशातच असायचा. एक दिवस ते माझ्या टेबलापाशी तीन कागद घेऊन आले.

"हे बघ बेटा, यादी तीन पानांची. पहिल्या पानावर तू लिहिलंस कुठली लाइन बंद. दुसऱ्या-तिसऱ्यावर काहीच नाही. मी एक पान इथं लावतो, एक तिथं. मला काय कळणार कुठलं कुठलं?"

"शीर्षक पहिल्याच ओळीत आहे काका, म्हणून ते पहिल्या पानावरच येतं."

"तर प्रत्येक पानावर येऊ दे. आणि मोठं कर. दहा हातांवरून दिसलं पाहिजे."

रास्त मागणी होती. शीर्षक हेडरमध्ये टाकलं की ते प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलं जातं, हे मला माहीत होतं. अडचण अक्षरांच्या आकाराची होती. रोज शीर्षक बदलणार आणि रोज हेडरच्या खिडकीत जाऊन अक्षरं निवडून मोठी करायची, हे कंटाळवाणं काम होतं. म्हणून मी इंटरनेटवर शोधून चार ओळींचा कोड बसवला. शीटच्या पहिल्या खान्यात मी जे लिहीन ते हेडरमध्ये जायचं आणि आपोआप अठ्ठावीसच्या आकारात छापलं जायचं. त्या कोडमध्ये आकार सांगायची पद्धत अशी की आधी '&' हे चिन्ह द्यायचं आणि त्याच्यापुढे आकडा. मला ती खूण एवढीच कळली, पुढचं मी वाचलं नाही. काम झालं होतं.

काकांना कागद दाखवला. ते दारात जाऊन उभे राहिले आणि तिथून मोठ्यानं वाचलं, "देखभाल, लाइन सी बंद." मग म्हणाले, "बस. आता ठीक." त्या दिवशी मला फार बरं वाटलं. ऑफिसात कुणाला माझ्या कामाचं काही वाटायचं नाही, त्यांना वाटलं.

पाच-सहा आठवडे असंच चाललं. एका वेळी एकच लाइन बंद व्हायची. मग एकदा ए आणि बी या दोन्ही लाइनींचे रोलर एकाच दिवशी उघडायचं ठरलं. मी खान्यात लिहिलं, 'देखभाल : लाइन A और लाइन B बंद'. छापून बघितलं तर एवढ्या मोठ्या अक्षरांत ते एका ओळीत मावेना. दुसरी ओळ खाली उतरून यादीच्या पहिल्या कामावर चढली होती. आकार कमी केला असता तर काम झालं असतं, पण काकांना मोठी अक्षरं हवी होती. म्हणून मी मजकूर छोटा केला. 'देखभाल : लाइन A&B बंद'. पुन्हा छापलं. एका ओळीत बसलं. 'बंद' हा शब्द जाड ठशात आला होता, तो का आला ते कळलं नाही, पण छान दिसत होता. मी तीन पानं पाकिटात घातली आणि काकांच्या हातात दिली.

त्या कागदावर 'देखभाल : लाइन A बंद' असं छापलं होतं. मी तो कागद पाहिला होता. मावलं का, एवढंच मी पाहत होते, त्यामुळे काय छापलंय ते मी वाचलंच नाही. काकांनीही वाचलं नसणार. कोणत्या दोन लाइनी उघडायच्या ते त्यांना पाठ होतं.

दुपारी दोनला शिफ्ट बदलली. बी लाइनवरचा ऑपरेटर हातोदहून मोटरसायकलने यायचा. तिशीतला, शांत माणूस. त्याच्याविरुद्ध कधी कुणाची तक्रार ऐकली नव्हती. काका तेव्हा बी लाइनच्या पलीकडच्या बाजूला, रोलरच्या मागे वाकून काम करत होते. त्यांचा मदतनीस तेवढ्यात स्टोअरमध्ये ग्रीस आणायला गेला होता. कॉम्प्रेसरचा आवाज इतका की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. ऑपरेटरनं पॅनलवरचा कागद पाहिला, त्यावर मोठ्या अक्षरांत ए लाइन लिहिली होती. ए लाइनचा कागद चुकून इकडे लागला असं त्याला वाटलं. त्यानं हाक मारली, उत्तर आलं नाही. त्यानं बटण दाबलं.

मी खोलीत होते. कॉम्प्रेसर एकदम थांबला, तेव्हा काहीतरी झालंय हे कळलं. बाहेर गेले तर काकांना चौघांनी उचलून गाडीकडे नेलं होतं. त्यांच्या उजव्या हाताभोवती कुणाचा तरी शर्ट गुंडाळला होता. ते ओरडत नव्हते. माझ्या बाजूनं जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं की नाही कोण जाणे. संध्याकाळी हॉस्पिटलमधून निरोप आला की दोन बोटं गेली, मधलं आणि त्याच्या बाजूचं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ऑपरेटर तिथं उभा होता. रात्रभर तो झोपला नसावा.

"साब, कागज पे ए ही लिखा था," तो म्हणाला. "बी लिखा होता तो मैं हाथ भी नी लगाता."

"मॅडम, फाइल खोला," साहेब म्हणाले.

मी त्यांच्यासमोर फाइल उघडली. पहिल्या खान्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'देखभाल : लाइन A&B बंद'. साहेबांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. ऑपरेटर वाकून स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, पण तेव्हा मला खरंच वाटत होतं की चूक त्याचीच आहे, घाबरून तो काहीबाही सांगतोय.

छापलेले कागद शोधले, ते मिळाले नाहीत. खोक्यांच्या कारखान्यात कागद टिकत नाही. जमिनीवर पडलेलं सगळं संध्याकाळी झाडून रद्दीच्या गठ्ठ्यात जातं. गठ्ठे सकाळीच गेले होते. ऑपरेटरला घरी बसायला सांगितलं.

आठव्या दिवशी साहेबांनी मला सांगितलं की तपासणीला अधिकारी येणार आहेत, त्या दिवसाच्या यादीची एक प्रत छापून ठेवा, मी सही करतो. मी फाइल उघडली, प्रिंट दिलं. पहिलं पान बाहेर आलं. मी ते उचललं आणि पहिल्यांदाच ते नीट वाचलं.

देखभाल : लाइन A बंद.

मी स्क्रीन पाहिली. तिथं A&B होतं. कागदावर फक्त A. पुन्हा छापलं, पुन्हा तेच. 'बंद' जाड ठशात. त्यानंतर मी ते वाचलं जे आधीच वाचायला हवं होतं. हेडरमध्ये '&' हे चिन्ह छापायचं अक्षर नसतं, तो हुकूम असतो. त्याच्यापुढे आकडा आला तर तो अक्षरांचा आकार. त्याच्यापुढे इंग्रजी बी आला तर पुढची अक्षरं जाड करा असा त्याचा अर्थ. चिन्ह आणि बी, दोन्ही खाल्ले जातात आणि पुढचा शब्द जाड होतो. चिन्ह खरोखर छापायचं असेल तर ते दोनदा लिहावं लागतं. एवढंच. दोन मिनिटांत वाचून होईल इतकं.

खुर्चीवर बसून मी किती वेळ त्या तीन पानांकडे बघत होते ते आठवत नाही. मग दारातून शिपाई म्हणाला, "मॅडम, साहेब कागद मागतायत."

यापुढे मी जे केलं ते सांगायला मला अजूनही जड जातं. मी खान्यात जाऊन ते चिन्ह दोनदा केलं. छापलं. कागदावर 'लाइन A&B बंद' आलं. मग खान्यातलं जास्तीचं चिन्ह पुसून टाकलं, म्हणजे साहेबांच्या मोबाइलमधल्या फोटोशी फाइल जुळेल. नवीन पानं साहेबांना दिली. त्यांनी प्रत्येक पानावर सही केली आणि म्हणाले, "हे बरं झालं. यात आता काही शंकाच नाही."

चुकीची पानं मी फाडली नाहीत. घडी घालून पर्समध्ये ठेवली. का ठेवली हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

त्या रविवारी मी नवऱ्याबरोबर महूला काकांच्या घरी गेले. नवऱ्याला मी काही सांगितलं नव्हतं. काका खाटेवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. काकूंनी चहा केला. काका डाव्या हातानं कप उचलायचा प्रयत्न करत होते आणि कुणी मदत केलेली त्यांना आवडत नव्हती.

"तो पोरगा कसा आहे?" त्यांनी विचारलं. पोरगा म्हणजे ऑपरेटर.

"घरी बसवलंय त्याला."

"तो असा नाही गं. बारा वर्षं बघतोय मी त्याला. बटण दाबायच्या आधी तीनदा बघणारा माणूस आहे तो." मग म्हणाले, "कागद तर तू बरोबरच छापला होतास ना?"

नवरा माझ्याकडे सहज बघत होता. काकू बिस्किटांची ताटली पुढे सरकवत होत्या.

"हो काका," मी म्हणाले.

परत येताना नवरा गाडी चालवत होता आणि काकांच्या धीराचं कौतुक करत होता. मी खिडकीतून बाहेर बघत होते. विजय नगरला आमच्या फ्लॅटपाशी पोचेपर्यंत अंधार पडला होता. घरात शिरल्यावर पर्स उघडली आणि ती पानं त्याच्यापुढे ठेवली. त्याला आधी काही कळेना. मी समजावून सांगितलं. त्यानं पानं दिव्याखाली धरून पुन्हा पाहिली.

"अजून कुणाला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"कुणाला नाही."

"मग..." असं म्हणून तो थांबला. पुढचं वाक्य त्यानं उच्चारलं नाही, पण ते मला ऐकू आलं. काही दिवसांपूर्वी मीही तेच केलं होतं. नंतर तो म्हणाला, "त्या माणसाला मुलं आहेत?"

"दोन."

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. पर्समधली पानं टेबलावर ठेवली आणि काय झालं, मी काय केलं, ते सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर चिन्ह एकदा आणि दोनदा देऊन दोन्ही तऱ्हा छापूनही दाखवल्या. ते हातातला कागद उलटसुलट करत राहिले.

"मॅडम, अधिकारी शनिवारी येऊन गेले. माझ्या सहीचा कागद घेऊन गेले," ते म्हणाले. "आता हे कुठं सांगत बसता?"

"सांगावं लागेल सर."

"तुमची नोकरी जाईल. माझीही अडचण होईल. आणि त्यांची बोटं काही परत येणार नाहीत."

"ऑपरेटर घरी बसलाय."

"त्याचं बघू आपण. दोन महिन्यांनी बोलावून घेऊ."

मी त्यांना म्हटलं की तुम्ही पाठवणार नसाल तर मी स्वतः लिहून पाठवते. ते रागावले, मग समजावू लागले, मग पुन्हा रागावले. संध्याकाळी मी दोन पानांचं पत्र लिहिलं, छापलेले दोन्ही नमुने जोडले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यांच्या तपासणीच्या कार्यालयात नेऊन दिलं. तिथल्या बाईंनी पोच लिहून दिली. मला वाटत होतं की त्या काही विचारतील. त्यांनी शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मग मी हातोदला गेले. ऑपरेटरचं घर धान्याच्या मंडीच्या मागच्या गल्लीत होतं. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि मी कोण ते सांगितल्यावर तशीच दारात उभी राहिली. आत या म्हणाली नाही. तो मंडीतून आला, अंगावर गव्हाची धूळ. तो तिथं तोलाईच्या कामाला लागला होता. मी त्याला कागद दाखवला. तो त्यानं दोन्ही हातांनी धरला.

"ये ही था," तो म्हणाला. "दीदी, मैं खुद सोचने लगा था कि मैंने गलत पढ़ा. घरवाली को भी बोल दिया था कि हाँ, गलती मेरी है."

मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण ठीक आहे असं तो म्हणाला नाही. कारखान्यात परत येशील का, असं विचारलं तर म्हणाला, "नी दीदी. अब उस मशीन के सामने खड़ा नी हो पाऊँगा." त्याच्या हातानं बटण दाबलं गेलं होतं. कागदावर काय छापलं होतं यानं ते बदलणार नव्हतं. ते त्यानं सांगितलं नाही, मला त्याच्याकडे बघून कळलं.

काकांकडे जायला मला आणखी तीन दिवस लागले. या वेळी मी एकटी गेले. सांगताना मी त्यांच्या हाताकडे बघत नव्हते. मला वाटत होतं की ते म्हणतील, चूक कुणाच्याही हातून होते बेटा. ते तसं म्हणालेच.

"चूक होते. मीही वाचलं नाही कागद. कुलूप लावलं असतं तर कागदाची गरज नव्हती, ते काम माझं होतं." मग त्यांनी गळ्यातली पट्टी सारखी केली. "पण त्या दिवशी तू इथं बसून, माझ्या घरी, माझा चहा पिऊन मला हो म्हणालीस. मी तुला विचारलं होतं."

मी मांडीवरची पर्स मिटली.

"त्या पोराची मी बाजू घेत होतो आणि तू माझ्याकडे बघत बसलीस," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "जा आता. हात दुखतोय."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. अधिकारी पुन्हा आले, सगळ्यांचे जबाब झाले. ऑपरेटरवरचा ठपका काढला, तसं पत्र त्याच्या घरी गेलं. कुलपं आली, प्रत्येक लाइनला दोन किल्ल्या. मला काढलं नाही, डिस्पॅचमध्ये बसवलं. तिथं माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही, पण मी छापलेला प्रत्येक कागद समोरचा माणूस दोनदा वाचायचा. वर्षभरानं मी नोकरी सोडली. आता विजय नगरमध्येच एका ऑफिसात आहे, घरापासून चालत जाता येतं. तिथंही याद्या छापाव्या लागतात. छापल्यावर मी कागद खिडकीशी नेऊन बोट ठेवत अक्षर अक्षर वाचते. बाजूच्या टेबलावरची मुलगी हसते, मी तिला कारण सांगितलेलं नाही.

काका बरे होऊन कामावर गेले. डाव्या हातानं पाना धरायला शिकले, असं मेंटेनन्सच्या लोकांकडून कळलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं. मी दिवाळीला आणि त्यांच्या वाढदिवसाला फोन करते. दरवेळी काकू उचलतात. घरची चौकशी करतात, माझ्या मुलीच्या शाळेचं विचारतात. मागच्या वेळी मी विचारलं, "काका आहेत का?" त्या म्हणाल्या, "बाहेर गेलेत गं, फिरायला." त्यांच्या मागे टीव्हीचा आवाज होता आणि काका तो कमी करायला सांगत होते. मी म्हटलं, "बरं काकू, त्यांना नमस्कार सांगा." त्या म्हणाल्या, "सांगते." आणि आम्ही दोघींनी फोन ठेवला.